घरगुती विद्युत् स्विच : जुन्या तारजोडणीतील बदल

दिवा, पंखा यांसारख्या उपकरणाकडे जाणारा विद्युत् प्रवाह इच्छेनुसार चालू वा बंद करण्यासाठी मंडलात (विद्युत् प्रवाहाच्या बंदिस्त मार्गात) जे साधन बसवितात, त्याला स्विच किंवा व्यवहारात बटण म्हणतात. घरातील विद्युत् साहित्यापैकी स्विच वारंवार हाताळला जातो व त्यामुळे तो झिजून अधूनमधून बदलावा लागतो. नव्या घरात हे काम दोन-तीन स्क्रू सैल करून पुन्हा आवळण्याइतके सोपे असते. तथापि तारजोडणी तीस-चाळीस वर्षांपूर्वीची किंवा त्याहून जुनी असेल, तर प्रश्न केवळ स्विचचा राहत नाही. त्यामागील तारांचे निरोधन (विजेला बाहेर जाऊ न देणारे आवरण), मूळ जोडणीची पद्धत आणि तीत वेळोवेळी झालेले फेरफार यांचाही विचार करावा लागतो. स्विच बंद केला म्हणजे त्या जागेची वीज बंद झाली, हा समज अशा घरात प्राणघातक ठरू शकतो.

रचना व कार्य : स्विचमध्ये एक स्थिर व एक हलता असे दोन धातूचे स्पर्शक असतात. हलता स्पर्शक स्प्रिंगच्या साहाय्याने झटक्यात जोडला वा तोडला जातो. स्पर्शक एकमेकांपासून दूर होत असताना त्यांमधील हवेत क्षणभर विद्युत् प्रज्योत (ठिणगीसारखा तप्त प्रवाहमार्ग) निर्माण होते. ती जितकी अधिक काळ टिकेल तितके स्पर्शक अधिक जळतात. म्हणून ते हाताच्या गतीवर अवलंबून न ठेवता स्प्रिंगने वेगळे करतात. शीघ्र तोड करणारा असा स्विच इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉन हेन्री होम्स यांनी १८८४ मध्ये तयार केला. प्रत्यावर्ती (उलटसुलट दिशांनी वाहणारा) प्रवाह ५० हर्ट्‌झ कंप्रता असताना सेकंदाला १०० वेळा शून्य होतो व त्यामुळे प्रज्योत लवकर विझते. एकदिश प्रवाहाच्या बाबतीत असे होत नाही.

पूर्वीच्या स्विचांत चिनी मातीच्या बैठकीवर पितळी भाग बसवून त्यांवर गोल टोपण लावीत. नंतर बॅकेलाइटाचे, त्यानंतर लाकडी बोर्डावर ओळीने बसणारे पियानो पद्धतीचे आणि अलीकडे पॉलिकार्बोनेटासारख्या प्लॅस्टिकचे स्विच प्रचारात आले. दिव्यापंख्यासाठीचे जुने स्विच ५ अँपिअर क्षमतेचे असत. आता ते ६ अँपिअरचे मिळतात. अधिक शक्तीच्या उपकरणांसाठी पूर्वी १५ व आता १६ अँपिअरचे स्विच वापरतात.

स्प्रिंग सैल होणे, स्पर्शकांवर काजळी धरणे व तार आवळणारा स्क्रू ढिला पडणे हे स्विचचे नेहमीचे दोष होत. दाबताना चरचर आवाज येणे, दिवा लुकलुकणे, बोर्ड कोमट लागणे, जळक्या बॅकेलाइटाचा उग्र वास येणे व टोपणावर तपकिरी डाग पडणे ही त्यांची लक्षणे होत. ही लक्षणे दिसल्यास स्विच बदलावा लागतो. मात्र दोष स्विचमध्ये आहे की त्याला जोडलेल्या तारेत, हे बोर्ड उघडल्याशिवाय समजत नाही.

सैल जोड किती तापतो हे प्रवाहावर अवलंबून असते. निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एखाद्या जोडाचा रोध ०·५ ओहम झाला आहे असे मानल्यास ६० वॉटच्या दिव्याच्या सु. ०·२६ अँपिअर प्रवाहाने तेथे सु. ०·०३ वॉट एवढीच उष्णता निर्माण होते व ती लक्षातही येत नाही. त्याच जोडातून ७५० वॉटच्या इस्त्रीचा सु. ३·३ अँपिअर प्रवाह गेल्यास काही मिमी. जागेत सु. ५ वॉट उष्णता साठू लागते. वर्षानुवर्षे 'व्यवस्थित चाललेला' दिव्याचा बोर्ड, त्यावर नवा प्लग बसविल्यावर अल्पावधीत जळतो तो यामुळे.

मंडलातील स्थान : घरात येणाऱ्या दोन मुख्य तारांपैकी फेज तारेवर जमिनीच्या तुलनेने २३० व्होल्ट विद्युत् दाब असतो. दुसरी, म्हणजे न्यूट्रल तार पुरवठ्याच्या बाजूस जमिनीशी जोडलेली असल्याने तिच्यावरील दाब सामान्यतः शून्याजवळ असतो. स्विच फेज तारेतच बसविणे आवश्यक असते. तो न्यूट्रल तारेत बसविला, तरी दिवा लागतो व विझतो आणि वापरणाऱ्याला काहीच फरक जाणवत नाही. मात्र दिवा विझलेला असतानाही त्याचा होल्डर २३० व्होल्ट दाबावर राहतो. स्टुलावर उभे राहून दिवा बदलणाऱ्यास अशा होल्डरचा धक्का बसतो. भारतीय वीज नियम, १९५६ यांतील नियम ३२ नुसार न्यूट्रल तारेत वितळतार (फ्यूज) वा एकेरी स्विच बसविण्यास मनाई करण्यात आली होती. दोन्ही तारा एकाच वेळी तोडणारा जोडस्विच तेवढा चालत असे.

जुन्या घरांत मात्र फेज व न्यूट्रल या दोन्ही तारांत स्वतंत्र वितळतारा बसविलेल्या आढळतात. अशा जोडणीत न्यूट्रलची वितळतार तुटली तर सर्व दिवे विझतात, पण फेज तार होल्डरपर्यंत जिवंत राहते. 'दिवे गेले म्हणजे वीज गेली' असे समजून बोर्ड उघडणाऱ्याची येथे फसगत होते. मीटर बदलताना वा बाहेरील तार नव्याने जोडताना फेज व न्यूट्रल यांची अदलाबदल झाली असेल, तर मूळ जोडणी बिनचूक असूनही घरातील सर्व स्विच न्यूट्रल बाजूस जातात.

जुन्या तारजोडणीचे प्रकार : मुंबईत १९०५ साली वाडी बंदर येथे वीज केंद्र उभारले गेले. त्यानंतर शहरांतील वाडे, चाळी व बंगले यांत जी तारजोडणी झाली ती मुख्यत्वे लाकडाच्या आधाराने केलेली होती. लाकडी खोबण व झाकणपट्टी यांच्या पद्धतीत, म्हणजे केसिंग-कॅपिंगमध्ये, दोन खोबणींतून तारा नेऊन त्यांवर पट्टी ठोकीत. तारांवर व्हल्कनित (गंधकाच्या प्रक्रियेने टिकाऊ केलेल्या) रबराचे निरोधन व त्यावर राळेसारख्या द्रव्यात भिजविलेले सुती विणकाम असे. रबरातील गंधकाची तांब्यावर विक्रिया होऊ नये म्हणून तांब्याला कथिलाची कल्हई करीत. पुढे सागवानी पट्टीवर धातूच्या लहान क्लिपांनी बसविलेल्या, रबराचे चिवट बाह्य आवरण असलेल्या तारांची पद्धत रूढ झाली. स्विच व होल्डर यांच्यामागे लाकडाचा गोल ठोकळा असे. पॉलिव्हिनिल क्लोराइड (पीव्हीसी) या प्लॅस्टिकचे निरोधन व भिंतीतील नळ्या यांनी या पद्धतींची जागा क्रमाक्रमाने घेतली.

तारांची मापेही निराळी होती. '१/१८', '३/२२', '३/२०', '७/२०' अशा संज्ञांमध्ये पहिला अंक तंतूंची संख्या व दुसरा तंतूच्या जाडीचा प्रमाणित क्रमांक दर्शवितो. १/१८ व ३/२२ या दोन्ही तारांचे छेदक्षेत्र सु. १·२ चौ. मिमी., ३/२० चे सु. २ चौ. मिमी. व ७/२० चे सु. ४·६ चौ. मिमी. भरते.

तांब्याच्या टंचाईमुळे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अनेक इमारतींत ॲल्युमिनियमाच्या तारा वापरण्यात आल्या. ॲल्युमिनियमाचा विशिष्ट रोध तांब्याच्या सु. १·६ पट असतो. त्याच्या पृष्ठावर ऑक्साइडाचा कमी संवाहक थर चटकन तयार होतो. स्क्रूच्या दाबाखाली हा मऊ धातू हळूहळू सरकत राहतो व जोड आपोआप सैल होतो. शिवाय एकाच जागी दोन-तीनदा वाकविल्यास तार तुटते. ओलसर हवेत पितळ वा तांबे यांच्या संपर्कात तिचे क्षरण होते.

वयोमानाने येणारे दोष : उष्णता व हवेतील ऑक्सिजन यांमुळे रबर कडक व ठिसूळ बनते. तार जागेवरून हलविली नाही तोवर असे निरोधन आपला आकार टिकवून असते. स्विच काढताना तार वाकविली की त्याचे तुकडे गळून पडतात व उघडा धातू दिसू लागतो. म्हणूनच जुन्या घरात स्विच बदलण्यापूर्वी नसलेला दोष, बदलण्याच्या कृतीमुळे उत्पन्न होऊ शकतो. बोर्डाजवळील व होल्डरजवळील टोके तापत राहिल्याने सर्वांत आधी निकामी होतात. पट्टीखाली झाकलेला मधला भाग त्यामानाने बरा असतो, पण तो पाहता येत नाही.

कोकण व मुंबई येथील पावसाळ्यात भिंती ओलावतात. लाकडी ठोकळे व बोर्ड ही ओल शोषून घेतात, त्यांवर धूळ बसते आणि दोन अग्रांमध्ये (तार जोडण्याच्या टोकांमध्ये) पृष्ठभागावरून अल्प प्रवाह गळू लागतो. त्या मार्गाने लाकडाचा कोळसा होत गेला की गळती वाढते. पावसाळ्यात बोर्डाला हात लावताच झिणझिण्या येणे हे अशा गळतीचे लक्षण होय. ते ऋतूबरोबर नाहीसे झाले तरी दोष गेला असे होत नाही.

रंगांवरूनही तारा ओळखता येतीलच असे नाही. भारतात फेजसाठी लाल, न्यूट्रलसाठी काळी व अर्थिंगसाठी (जमिनीशी सुरक्षित जोडणीसाठी) हिरवी तार वापरण्याचा प्रघात असला, तरी जुन्या विणीच्या तारांचा रंग उडालेला असतो. पुष्कळदा एकाच रंगाचे वेटोळे सर्वत्र वापरलेले असते. स्विचकडून दिव्याकडे जाणारी तारही काळी असू शकते. तसेच अशा घरांतील दिव्यांच्या मंडलात अर्थिंगची तार बहुधा नसतेच. जेथे ती पाण्याच्या लोखंडी नळाला जोडलेली होती, तेथे नळाचा काही भाग प्लॅस्टिकचा झाल्यावर तिचा जमिनीशी असलेला संबंध तुटलेला असतो.

कायदेशीर बाजू : १९५६ च्या नियमांतील नियम ४५ अन्वये तारजोडणीतील वाढ, फेरफार व दुरुस्ती ही कामे परवानाधारक ठेकेदाराकडून व सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करवून घेणे बंधनकारक होते. दिवे, पंखे, वितळतारा, स्विच व घरगुती उपकरणे बदलण्याच्या कामास मात्र सूट होती. अट एवढीच की, त्यामुळे संचमांडणीची क्षमता वा स्वरूप कोणत्याही प्रकारे बदलता कामा नये. विद्युत् अधिनियम, २००३ नंतर केंद्रीय विद्युत् प्राधिकरणाने २०१० मध्ये केलेल्या विनियमांतही ही तरतूद होती. त्यांची जागा २०२३ च्या विनियमांनी घेतली असून परवानाधारकाकडून काम करून घेण्याचे तत्त्व त्यांतही आहे. या सवलतीमागील भेद व्यवहारातही उपयुक्त आहे. जुन्या स्विचच्या जागी त्याच क्षमतेचा स्विच बसविणे ही बदली होय. त्याच बोर्डावर इस्त्रीसाठी प्लग काढणे वा नवी तार ओढणे हा फेरफार होय.

पूर्वतयारी : काम सुरू करण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करतात. तो दोन्ही तारा तोडणारा असल्याची खात्री करून घेतात. नंतर त्या मंडलाच्या सर्व वितळतारा काढून स्वतःजवळ ठेवतात. चाळीत वा सामायिक मीटर खोलीत ही काळजी विशेष आवश्यक असते, कारण अंधार झाल्याचे पाहून दुसरी व्यक्ती पुरवठा पुन्हा सुरू करण्याचा संभव असतो. घरात बॅटरीवर चालणारा इन्व्हर्टर असल्यास मुख्य स्विच बंद होताच तो दिव्यांना वीज देऊ लागतो. म्हणून तोही स्वतंत्रपणे बंद करून मंडलापासून अलग करावा लागतो. कधीकधी शेजारच्या मंडलाची न्यूट्रल तार उसनी घेतलेली असते. अशी तार सोडविल्यास, दुसरे मंडल चालू असेल तर तिच्या टोकावर पूर्ण दाब येऊ शकतो.

यानंतर वीज खरोखर गेल्याची चाचणी घेतात. निऑन दिव्याचा टेस्टर एकट्याने विश्वसनीय नसतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात तो जिवंत तारेवरही मंद प्रकाशतो किंवा मुळीच प्रकाशत नाही. भर उन्हात त्याचा प्रकाश दिसतही नाही. म्हणून चाचणीचे साधन आधी चालू असल्याचे माहीत असलेल्या ठिकाणी, मग कामाच्या ठिकाणी व शेवटी पुन्हा चालू ठिकाणी लावून पाहतात. केवळ स्विचच्या दोन अग्रांमध्ये चाचणी करणे पुरेसे नसते. प्रत्येक अग्र व जमीन यांमधील दाबही व्होल्टमापकाने तपासतात. चालू ठिकाणी लावून पाहण्यासाठी वीज हवी असल्याने ते ठिकाण अन्य मंडलावरचे किंवा मुख्य स्विचच्या अलीकडचे निवडतात.

मनुष्याच्या शरीराचा रोध त्वचा ओली असताना सु. १,००० ओहमपर्यंत उतरतो. अशा स्थितीत २३० व्होल्ट दाबाने सु. ०·२३ अँपिअर प्रवाह वाहू शकतो. सु. ०·०१ अँपिअर प्रवाहाने स्नायू आखडून तार सोडता येईनाशी होते आणि ०·०३ अँपिअरच्या पुढे, प्रवाह काही काळ टिकल्यास, हृदयाचे स्पंदन बिघडण्याचा धोका असतो. ५ अँपिअरच्या वितळतारेला या प्रवाहाची जाणीवही होत नाही. ती तारांना जळण्यापासून वाचविते, माणसाला नव्हे.

बदलण्याची कृती : बोर्डाचे स्क्रू काढून तो सावकाश पुढे घेतात. तारा ओढीत नाहीत. जोडणी सोडविण्यापूर्वी तिचे रेखाचित्र वा छायाचित्र घेऊन प्रत्येक तारेवर खूण करतात. स्विचच्या एका अग्रात दोन किंवा तीन तारा आढळल्यास ती पुढील स्विचांना फेज पुरविणारी साखळी असते. ती जशीच्या तशी एकत्र ठेवावी लागते. जिन्याच्या दिव्याचा स्विच दोन ठिकाणांहून चालणारा असल्यास त्याला तीन अग्रे असतात. त्यांतील सामाईक अग्र कोणते, हे जुन्या व नव्या स्विचवर निश्चित करूनच तारा जोडतात.

तारेचे टोक तांब्याचे, चकचकीत व तिचे निरोधन लवचिक असल्यास काळवंडलेला भाग कापून नवे टोक काढतात. ते अग्रात पूर्ण शिरेल व बाहेर उघडा धातू दिसणार नाही एवढेच सोलतात. निरोधन केवळ टोकाशी तडकलेले असल्यास योग्य मापाची निरोधक नळी चढवितात. निरोधक चिकटपट्टीचे वेढे हा कायमचा उपाय नव्हे. पावसाळ्यात तिचा चिकटपणा जातो. ॲल्युमिनियमाची तार तांब्याच्या तारेशी पिळून जोडीत नाहीत. दोन्ही धातूंसाठी योग्य असा जोडक वापरतात. स्क्रू आवळल्यावर तार हलक्या हाताने ओढून पाहतात.

नवा स्विच मूळच्या प्रकारचाच असणे इष्ट असते. अर्थिंगची तार नसलेल्या बोर्डावर धातूची पट्टी वा धातूची पेटी बसवीत नाहीत. अर्थिंगची उणीव न्यूट्रल तारेला पेटी जोडून भरून काढणे अत्यंत धोक्याचे असते, कारण न्यूट्रल तार कोठेही तुटल्यास पेटीवर पूर्ण दाब येतो. सूचक दिवा असलेले किंवा इलेक्ट्रॉनिक स्विच बंद स्थितीतही अल्प प्रवाह सोडतात. त्यामुळे एलईडी दिवा मंद उजळत राहतो व तारजोडणीत दोष असल्याचा भास होतो. असे काही स्विच चालण्यासाठी न्यूट्रल तारही लागते व ती जुन्या बोर्डात सहसा आणलेली नसते.

काम थांबविण्याच्या खुणा : निरोधन हात लावताच गळू लागणे, बोर्डाच्या आतपर्यंत ते काळे पडलेले असणे, लाकडावर कोळशाच्या रेषा दिसणे, ओल असणे, ॲल्युमिनियमाची तार तुटून आखूड होणे अथवा तारांचा उलगडा न होणे, यांपैकी काहीही आढळल्यास नवा स्विच बसवून बोर्ड बंद करणे योग्य नव्हे. ते मंडल बंदच ठेवून परवानाधारक तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे. तो मेगर या उपकरणाने ५०० व्होल्ट एकदिश दाब देऊन निरोधनाचा रोध मोजतो. १९५६ च्या नियमांत हा रोध किमान १ मेगोहम (१० लक्ष ओहम) असावा, असे सांगितले होते. या चाचणीपूर्वी एलईडी दिवे व इतर इलेक्ट्रॉनिक उपकरणे मंडलातून काढून ठेवतात.

संरक्षण व नूतनीकरण : ०·०३ अँपिअर गळतीला मंडल तोडणारे अवशिष्ट प्रवाह मंडल खंडक हे साधन शरीरातून जमिनीकडे जाणाऱ्या प्रवाहाविरुद्ध चांगले संरक्षण देते व त्यासाठी दिव्याच्या बिंदूपाशी अर्थिंग असलेच पाहिजे असे नाही. मात्र फेज व न्यूट्रल या दोन्हींना एकाच वेळी स्पर्श झाल्यास ते वाचवू शकत नाही. जुन्या तारजोडणीवर हे साधन बसविल्यास ते पुनःपुन्हा सुटते. अशा वेळी त्याला त्रासदायक समजून वगळले जाते; वास्तविक ते तारांची अवस्थाच सांगत असते. वितळतार वारंवार तुटते म्हणून जाड तार घालण्याची प्रथाही अशीच घातक आहे. ५ अँपिअरसाठी सु. ०·२ मिमी. जाडीची कल्हई केलेली तांब्याची तार पुरते. त्याऐवजी जाड तार घातल्यास भिंतीतील किंवा पट्टीखालील तारच वितळतारेचे काम करू लागते.

एलईडी दिव्यांमुळे दिव्यांच्या मंडलावरील भार पुष्कळ कमी झाला आहे. ९ वॉटचा दिवा सु. ०·०४ अँपिअर प्रवाह घेतो. यामुळे जुन्या तारांचे तापणे कमी होते, परंतु एकदा ठिसूळ झालेले रबर पूर्ववत होत नाही व त्यामागील विद्युत् दाबही कमी होत नाही. भाड्याच्या जुन्या इमारतींत तारजोडणीचा खर्च मालकाने करावयाचा की भाडेकरूने, हा प्रश्न अनिर्णित राहिल्याने दर्शनी बोर्ड व स्विच नवे होतात आणि त्यामागील तारा तशाच राहतात. संपूर्ण नूतनीकरण एकदम शक्य नसल्यास प्रथम मुख्य स्विच, मंडल खंडक व अर्थिंग, नंतर स्नानगृह व स्वयंपाकघर आणि शेवटी दिव्यांची मंडले असा क्रम ठेवता येतो. तोपर्यंत दिव्यांच्या मंडलावर केवळ दिवे व पंखे यांचाच भार ठेवणे आणि प्रत्येक स्विच बदलताना त्यामागील तारेची अवस्था लिहून ठेवणे उपयुक्त ठरते. अशा नोंदींवरून घरातील कोणता भाग आधी बदलावयास हवा हे कळू शकते.